रेघवाल्या नर्सबाई

आमच्या नर्सबाई घरात आल्या की आधी बाळाकडे बघत नसत, दारामागे बघत. तिथे त्यांनी जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ टाचलेली असे, तिच्यावर आखलेल्या चौकटी आणि चौकटींतून चढत जाणारी तांबड्या पेन्सिलीची रेघ. तासगावच्या आसपास ज्या घरात तान्हं मूल, त्या घरात ती रेघ. लोक त्यांना ‘रेघवाली’ म्हणत. अर्थात त्या फाटकाबाहेर गेल्यावर.

दर गुरुवारी खांद्याला झोळीचा काटा अडकवून त्या येत. बाळाचं वजन करून चौकटीत टिंब देत आणि मागच्या टिंबाला जोडत. “रेघ कुठनं निघाली ते देवाच्या हातात. किती चढती ते आपल्या,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एस.टी. तासभर उशिरा आली तरी म्हणत, “निघायचं गेलं, आता पळती कशी ते बघा.” एकदा शेजारणीने त्यांच्या स्वतःच्या रेघेची चौकशी केली. बाई चांगल्या भरदार होत्या. म्हणाल्या, “माजी वरनंच निघाली हाय गं, तिला चढायची गरज न्हाई.”

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी माझी मुलगी झाली, जेमतेम पावणेदोन किलोची. शेजारणीचं बाळ तिच्या दुप्पट. मी रडत बसले, तर बाईंनी दोघींच्या रेघा दाखवल्या. तिची वरून निघालेली, माझीची खालून, पण पहिले दोन आठवडे चढ सारखाच. “चढ थांबला तर मात्र मिरजेला दवाखान्यात न्यायचं,” असं त्यांनी बजावलं.

हे ऐकून सासूबाईंचं धाबं दणाणलं. त्यांची थोरली लेक मिरजेहून परत आली नव्हती. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी थंडीचं कारण सांगून बाळाला दुपट्यात गुंडाळूनच झोळीत ठेवलं. बाईंनी दुपट्याचं वजन वजा धरलं. रेघ चांगली चढली, बाई खूश होऊन चहा पिऊन गेल्या.

पुढच्या गुरुवारी वजन तेवढंच. बाई बराच वेळ दारामागे उभ्या राहिल्या. मग त्यांनी दुपटं सोडलं. आत चांदीचे वाळे, बिंदल्या आणि कमरेला साखळी. दोन्ही आठवडे घातलेली. सगळं उतरवून वजन केलं तेव्हा कळलं, पोर दोन आठवडे होती तिथेच होती.

सासूबाई खाली मान घालून बसल्या. मला वाटलं, आता बाई त्यांची खरडपट्टी काढणार. बाई त्यांच्याजवळ बसल्या आणि हळू म्हणाल्या, “मावशी, चांदीनं रेघ वर उचलली, पर चढ न्हाई आला. चांदी काय दूध पीत न्हाई.”

दुपारच्या गाडीने आम्ही तिघी बाळाला घेऊन मिरजेला गेलो. पोरीला ओढून पिण्याची ताकद नव्हती. तिथे मला दूध काढून चमच्याने पाजायला शिकवलं. बाई सुट्टी टाकून दोन दिवस राहिल्या. काटा अर्थात सोबत होताच. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. बारा दिवसांनी आम्ही घरी आलो, आणि रेघ पुन्हा चढू लागली.

मुलगी वर्षाची व्हायला आली तेव्हा बाईंची बदली साताऱ्याकडे झाली. शेवटच्या गुरुवारी त्या आल्या, तर सासूबाई ओसरीवर साबणाचा फेस करून नातीच्या पायातले वाळे काढायला झटत होत्या. एकेकाळी घोट्यावरून घसरणारे वाळे आता हलत नव्हते. पोर किंचाळत होती, सासूबाईंना घाम फुटला होता. “चांदी घालून तोलायचं न्हाई,” असं त्या पुटपुटत होत्या.

बाईंनी त्या गुबगुबीत पायाकडे पाहिलं. खांद्यावरचा काटा त्यांनी काढलाच नाही.

“ऱ्हाऊ द्या मावशी,” त्या म्हणाल्या. “आज वजन नगं.”

मग दारामागे जाऊन त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, न तोलता टिंब दिलं आणि रेघ ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते टिंब चौकटीच्या बरंच बाहेर, कॅलेंडरच्या पार वरच्या कडेला होतं.