स्लॅबवरची रेघ

वडगावातल्या घराची आम्हा दोघा भावांत वाटणी झाली, तेव्हा स्लॅबवरही मधोमध रेघ मारली. गळती थांबवायला मी माझ्या अर्ध्या भागावर जाळी अंथरून वॉटरप्रूफिंगचा कोट मारायला काढला. कारागीर म्हणाला, "पार पलीकडच्या कठड्यापर्यंत न्या. मधीच सोडला तर वारं हितनंच खाली शिरंल." थोरला म्हणाला, "माझी हरकत न्हाय." पण त्याचं छत मी कशाला झाकू? कोट रेघेवरच थांबवला.

वैशाखातल्या वावटळीनं त्याच कडेपासून तो जाळीसकट सोलून थोरल्याच्या बाजूला नेऊन टाकला. मी वर गेलो तेव्हा थोरल्यानं त्या कोटाची नीट घडी करून रेघेच्या अलीकडं, माझ्या हद्दीत ठेवली होती. पुन्हा उडून त्याच्याकडं येऊ नये म्हणून वर दगडही ठेवला होता.