कुंकवातली रेघ

हे लिहावं की नाही, यावर माझा बराच काळ विचार चालला होता. यात चमत्कार म्हणावा असं काही नाही, आणि सांगायला लागलो की लोक हसतील अशी भीतीही वाटते. पण त्या दसऱ्याच्या सकाळी माझ्या मनावरचं जे ओझं उतरलं, ते माझ्या एकट्याच्या हुशारीने उतरलं नव्हतं, एवढं मला नक्की माहीत आहे.

आम्ही मूळचे सातारा भागातले. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करत. कमरेच्या दुखण्यामुळे त्यांना ओझं उचलणं बंद करावं लागलं, तेव्हा मुकादमांनी त्यांना दुसरं काम देऊ केलं. एका गोदामातून दुसऱ्या गोदामात मालाच्या चिठ्ठ्या पोहोचवायच्या, ट्रक कुठे लागलाय ते बघायचं. अट एकच होती, स्वतःची गाडी हवी, आणि दसऱ्याच्या सकाळी ती गाडी घेऊन हजर व्हायचं. नाहीतर दुसरा माणूस तयार होता. वडिलांनी ओळखीतून एक जुनी मोटारसायकल मिळवली. ती चालत होती, फक्त इंजिनातून टकटक आवाज यायचा. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं. म्हटलं, झडपा उघडणारे टॅपेट सैल झालेत, मीच करून देतो.

इथे माझा अहंकार नडला. अष्टमीला सकाळी मी इमारतीच्या जिन्याखाली गाडी उघडली. नुसत्या टॅपेटचा गॅप लावून थांबायला हवं होतं. पण झडपांची वेळ सांभाळणाऱ्या वरच्या कॅमची चेन सैल वाटली, म्हणून ती बघायला मी तिची दातेरी चक्रीच उतरवली. परत बसवताना पुस्तकात सांगितल्याप्रमाणे इंजिनाच्या बाजूला फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चाकावरची रेघ इंजिनावरच्या खाचेसमोर आणली आणि वरच्या चक्रीची खूण तिच्या जागी धरली. ती अगदी बरोबर जुळत नव्हती, केसभर इकडे होती. मी मनात म्हटलं, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. त्यानंतर गाडी सुरू झाली नाही. किक मारली की कार्बोरेटरमधून फुसकन हवा परत येई, सायलेन्सर एकदा फाटकन वाजे आणि शांत. मी टॅपेट घट्ट केले, मग सैल केले, प्लग बदलला. संध्याकाळपर्यंत सहा वेळा गॅप लावला.  वडील दोनदा खाली येऊन उभे राहिले आणि वर गेले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी सकाळी खाली आलो तर पाने, स्क्रू-ड्रायव्हर, गॅप मोजायच्या पट्ट्या, सगळं नाहीसं. वर जाऊन बघतो तर आईने सारं धुऊन पाटावर मांडलेलं, शेजारी वडिलांचा माल ओढायचा आकडा आणि माझी कंपासपेटी. झेंडूची फुलं वाहिलेली.

"आई, मला ते पाने पाहिजेत."

"आज न्हाई मिळायचं. आज हत्याराला हात लावायचा नसतो."

"अगं, उद्या सकाळी गाडी पाहिजे अण्णांना."

"तर काय झालं? वरीसभर राबतंय ते. एक दिस बसू दे की."

मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तिचा नऊ दिवसांचा उपास हाय. तू वाद घालू नगंस." एवढ्यावर न थांबता आई ओलं कुंकू घेऊन खाली उतरली आणि उघड्या इंजिनालाही हळद-कुंकू लावलं. मॅग्नेटच्या चाकाच्या कडेवर कुंकवाची चार बोटं ओढली, उदबत्ती लावली. मला राग आला. खरं सांगतो, त्या क्षणी देव मला माझ्या कामातली घाण वाटला.

मी तसाच गाडीशेजारी बसून राहिलो. दुपारी ग्रीस लागलेल्या कपड्यांतले एक वयस्कर गृहस्थ रस्त्यावरून जाताना थांबले. बोलता बोलता कळलं, ते श्रीवर्धनकडचे मुसलमान, ट्रकचे मिस्त्री. त्यांचा ट्रक समोर भरायला लागला होता.

"काय रे, इंजिनासमोर हात जोडून बसलायस?"

मी सगळं सांगितलं. पान्यांना आज हात लावायचा नाही, हेही सांगितलं. वाटलं, हसतील. ते म्हणाले, "मग नको लावू. आईचं ऐकायचं. बघायला पाना कशाला पायजे?"

प्लग आधीच काढलेला होता. त्यांनी विझलेल्या उदबत्तीची उरलेली काडी घेतली, प्लगच्या भोकातून हळूच आत सोडली आणि मला म्हणाले, "हातानं किक दाब. सावकाश." काडी वर वर येत गेली आणि एका जागी थांबली. "थांब. आता पिस्टन वर आलाय. तुझी रेघ कुठंय बघ."

मी वाकून पाहिलं. माझी रेघ खाचेच्या बोटभर पुढे निघून गेली होती.

"ती ठिणगी पडायची रेघ हाय, पोरा. पिस्टन वर आल्याची दुसरी असते. तू टॅपेटला शिव्या देतोयस, आणि चुकलाय चेनचा टायमिंग, एका दातानं."

"पण दुसरी रेघ दिसतच नाही चाचा."

"असनार. ती कोरल्याशिवाय कारखान्यातून चाक निगत नाय. उद्या चाक नीट पुसून बघ." तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला आणि ते गेले. चहा तरी विचारायचा राहिला. नाव विचारायचंही सुचलं नाही.

दसऱ्याला उजाडताच आईने पाटावरची हत्यारं स्वतःच्या हाताने मला दिली. मी फडकं घेऊन चाकाची कडा पुसली. वाळलेलं कुंकू निघालं, पण सगळं निघालं नाही. कुणीतरी कधीकाळी कडा घासून गुळगुळीत केलेली, त्यामुळे दुसरी रेघ डोळ्यांना दिसत नव्हती. आता तिच्या उथळ चरीत कुंकू बसलं होतं. पहिल्या रेघेपासून बोटभर मागे, केसासारखी बारीक, लाल.

 मी ती रेघ खाचेसमोर आणली, चेन एक दात सरकवली. वरची खूण या वेळी बरोबर जागेवर बसली, केसभरही इकडेतिकडे नाही. गॅपची पट्टी किंचित अडखळत सरकेल इतपत टॅपेट लावले. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. टकटक नव्हती. वडिलांनी घटातले अंकुर टोपीत खोवले, चार माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "मुकादमाला सांगतो, पोरानं केली." मी म्हणालो, "मी एकट्याने नाही अण्णा." ते गाडीवर बसून निघाले. आई वर गॅलरीत उभी होती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मला मोकळा श्वास घेता आला.

देवाने रेघ दाखवली, असा दावा मी करणार नाही. तेवढी माझी योग्यता नाही. एवढंच म्हणतो की मला जबरदस्तीने थांबवलं गेलं नसतं, तर मी सातव्यांदा गॅप लावत बसलो असतो. त्या दिवशी माझे हात रिकामे होते म्हणून कुणीतरी येऊन मला दाखवू शकलं. आजही एखाद्या गोष्टीत फार अडकलो की मी हत्यारं खाली ठेवतो आणि थोडा वेळ नुसता बसतो.

त्या सकाळी मॅग्नेटच्या चाकावरचं झाकण लावण्याआधी मी फडकं पुन्हा हातात घेतलं होतं. पण त्या रेघेतलं कुंकू मी पुसलं नाही. तसंच आत ठेवून झाकण लावलं.