लालासाहेबांच्या अंगात काही आढळले नाही

धनपाल मगदूमने लालासाहेब सिसाळांना पाहण्याआधी त्यांच्या चपला पाहिल्या. प्रयोगशाळेच्या पायरीशी पायताणं काढून आत जायची शिस्त होती, आणि त्या सकाळीही पायरीपाशी चार-सहा जोड नेहमीसारखे एकमेकांवर पडलेले होते. एकच जोड तिथून लांब, कंपाउंडच्या भिंतीला लागून, टाचेला टाच जुळवून ठेवला होता. शेजारी पन्नाशीचा एक उंच माणूस उन्हात उकिडवा बसलेला. उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. व्हरांड्यातलं बाकडं रिकामंच होतं.

"मामा, वर बसा की सावलीला," धनपाल म्हणाला.

"हितंच बरं हाय सायेब. बाकड्यावर मागनं कोन कोन बसत्यात."

खांबाआड उभी असलेली बाई म्हणाली, "त्यास्नी आता सवय लागलीया आण्णा. घरातबी असंच करत्यात." ती त्यांची बायको, राहीबाई.

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालची. सांगलीतल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत कृष्णाकाठची माती आणि विहिरींचं पाणी तपासलं जाई. वस्तूतून निघणारे गॅमा किरण मोजायचं एक यंत्र तिथे होतं. यंत्र कागदावर एक रेघ काढी, आणि त्या रेघेवरचे उंचवटे पाहून वस्तूत कोणतं किरणोत्सर्गी द्रव्य आहे ते ओळखायचं. सुरुवातीची काही वर्षं धनपालने हे काम डोळ्यांनी आणि पट्टीने केलं. मग त्याने त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. मोजलेले आकडे आणि भोकं पाडलेली कार्डं पेटीत भरून एस.टी.ने पुण्याला जात. तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चाले आणि आठवड्याभराने छापील कागद परत येई.

त्या उन्हाळ्यात प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तयार झाली होती. एकमेकांत मिसळलेले दोन उंचवटे ती वेगळे करी. पण धनपालला अप्रूप होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दुधात, केळ्यात, हळदीत, माणसाच्या हाडामांसात निसर्गतःच थोडं पोटॅशियम असतं आणि त्याचा उंचवटा रेघेवर हटकून येतो. जुन्या कागदावर तो छापला जाई. मिरजेकडच्या एका शेतकऱ्याने "पाण्यात काहीतरी आहे" एवढंच वाचून आपली विहीर बुजवून टाकली होती. तेव्हापासून धनपालच्या मनात ते सलत होतं. नवा प्रोग्रॅम हे निसर्गाचं देणं आधीच वजा करी आणि शेवटी इंग्रजीत एकच निकालाची ओळ छापी: आढळले, किंवा आढळले नाही. हाताने शेरा लिहायची जागाच कागदावर ठेवली नव्हती. प्रयोगशाळेचे प्रमुख त्यावर खूश होते. "माणूस शेरा लिहितो तिथे माणसाची मर्जी येते, मगदूम," ते म्हणायचे.

लालासाहेबांना पाठवलं होतं पलूसजवळच्या एका कारखान्याने. साखर कारखान्यांना लागणाऱ्या मोठाल्या टाक्या आणि नळ तिथे जोडले जात. जोड पक्का बसला की नाही हे बघायला त्याचा एक्स-रेसारखा आरपार फोटो काढतात. त्यासाठी शिशाच्या जड भांड्यात ठेवलेला इरिडियम या किरणोत्सर्गी धातूचा एक कण वापरला जाई. बोटभर तारेच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी डबी, आणि तिच्यात तो कण. लालासाहेब तिथे मदतनीस होते.

"पलटणीत अठरा वर्सं काढली," यंत्राच्या खोलीत जाता जाता ते सांगू लागले. "कोतात व्हतो. कोत म्हंजे हत्यारं ठेवायची खोली. तितं एक खिळा हरवला तर पगारातनं कापत्यात. आनि माजं नाव लालासाहेब. हवालदाराच्या नावात सायेब! आमचा सुभेदार लय चिडायचा. म्हनायचा, तुला हाक मारली की मलाच सलाम ठोकल्यागत वाटतंय."

राहीबाई पदराआड हसल्या. त्यांचं हसणं धनपालने तेवढं एकदाच पाहिलं.

कोतातली सवय लालासाहेबांच्या अंगात मुरलेली होती. कारखान्यात चालता चालता दिसेल तो नट, दिसेल तो तुकडा उचलायचा, खिशात टाकायचा आणि सुट्टी व्हायच्या आत डब्यात जमा करायचा. दिवाळीनंतर एके दिवशी त्यांना नळाजवळच्या मातीत एक तारेचा तुकडा दिसला. त्यांनी तो उचलला, बोटांनी पुसला आणि पॅन्टच्या उजव्या खिशात टाकला. दुपारची भाकरी त्यांनी तो खिशात असतानाच खाल्ली. संध्याकाळी डब्यात जमा केला.

दुसऱ्या दिवशी फोटो कोरे निघाले तेव्हा शोधाशोध झाली. बाहेरगावाहून येणाऱ्या फोटोवाल्याने लांब चिमट्याने तुकडा डब्यातून काढून शिशाच्या भांड्यात परत घातला आणि कुणाशी काही बोलला नाही. पुढच्या महिन्यापासून तो यायचाही बंद झाला. लालासाहेबांच्या बोटांना आणि मांडीला फोड आले ते त्या आधीच. फोड फुटले, जखमा झाल्या, आणि त्या भरेनात.

फोटोवाला जाताना एका गड्याला कानात सांगून गेला होता की तो तुकडा अणूचा होता. गावात तेवढंच पोचलं. दूध गोळा करणाऱ्या आकारामने एके सकाळी राहीबाईंची किटली परत केली.

"का रं आकाराम? पानी घातलंय व्हय दुधात?"

"पानी घातलं आसतं तर घेटलं आसतं की मामी. तुमची म्हस रातची चमकती म्हनत्यात. डेरीतलं समदं दूध नासलं तर मला कोन सोडंल?"

रांगेतली माणसं हसली. राहीबाईंनी ते दूध घरी न नेता ओढ्यात ओतलं.

पण दुधाचं त्या दोघांना फारसं काही नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी शालूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिचे सासरे नाथाजी पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत आचारी होते. मोठमोठ्यांची मुलं त्यांच्या हातचं खात. असलं काही शाळेच्या कानावर गेलं तर कामावरून काढतील, हे त्यांचं भय खोटं नव्हतं. त्यांनी निरोप धाडला, बाप घरात असेल तर पोर येणार नाही. लालासाहेबांनी त्याच दिवशी घोंगडं आणि तांब्या उचलला आणि ते मळ्यातल्या खोपीत राहायला गेले. शालू आली, तिला मुलगा झाला. बांधाच्या पलीकडे उभी राहून ती बाळाला उंच धरी, आणि लालासाहेब अलीकडून बघत.

आता बाळाचं जावळ काढायचं होतं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. या बाळाला मामा नव्हता, तेव्हा तो मान आजोबांचा. नाथाजींनी सांगितलं होतं, अंगात काही नाही असा सरकारी शिक्क्याचा कागद दाखवा आणि खुशाल मांडीवर घ्या. नाहीतर आमच्या भावकीतला कुणीतरी बसेल.

"म्हनून आलोय," लालासाहेब म्हणाले. "कारखान्यानं चिठ्ठी दिली, लय उपकार झालं."

धनपालने ती चिठ्ठी वाचली. शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य आहे काय, एवढेच कळवावे, असं लिहिलं होतं. 'एवढेच' या शब्दावर त्याची नजर थांबली.

त्याने लालासाहेबांना यंत्रासमोर बसवलं. मोजणी चालू असताना त्यांनी मान हलवली नाही की डोळे मिटले नाहीत. हात सोडवताना फडकं कातडीला चिकटलं, तेव्हा राहीबाईंनी तोंड फिरवलं. मधली दोन बोटं काळी पडून वाळली होती.

"मामा, एक सांगू? तुमच्या अंगात काही निघायचं नाही."

"तुमास्नी कसं कळलं? कागुद तर यायचा हाय."

धनपाल नांद्र्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. तो म्हणाला, "गुऱ्हाळात चुलवाणाच्या तोंडाशी हात भाजला, तर हातात जाळ राहतो का?"

"न्हाई."

"तसंच हे. तुकडा खिशात होता तोवर त्यानं भाजलं. तुकडा गेला, भाजलेलं राहिलं. अंगात काही शिरलं नाही. तुमच्याजवळ बसल्यानं कुणाला काही होत नाही. तुकडा डब्यात टाकल्यापासून कधीच होत नव्हतं."

लालासाहेबांनी फडकं पुन्हा हाताला गुंडाळलं. मग राहीबाईंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? म्हंजे मी उगंच खोपीत ऱ्हायलो गं."

आता पुढचं सांगणं धनपालला जड गेलं. तो खाली त्यांच्याजवळच बसला. "हा कागद कारखान्याला जाणार. त्यावर 'आढळले नाही' एवढंच छापून येणार. ते म्हणतील, काही झालंच नव्हतं, हा हात तुम्ही दुसरीकडे कुठेतरी भाजून घेतला. ज्यानं चिठ्ठी लिहिली त्याला हे उत्तर आधीच ठाऊक असणार. मोजणी नीट झाली नाही, असं मी कळवू शकतो. तेवढ्यात मुंबईला अशा जखमा बघणाऱ्या डॉक्टरांकडे तुम्हाला पाठवायची खटपट करतो. त्यांनी लिहून दिलं की कारखान्याला इलाज करावाच लागेल. पण तीन-चार महिने लागतील."

"आनि जावळ?"

"जावळाला कागद मिळायचा नाही."

"मग कागुद द्या सायेब."

"मामा, बोटं जातील. अंगठाही जाईल कदाचित."

"जाऊ द्यात," लालासाहेब म्हणाले. "पोराला बोटं नगंत. मांडी पायजे. उजवी जळलीया, डावी चांगली हाय."

"तुमी ऐकू नगासा त्यांचं आण्णा," राहीबाई एकदम म्हणाल्या. "हात गेला तर खायाचं काय? पोराचं क्यास काय, फुडच्या वर्सी बी वाढत्यात!"

"अगं, जावळ एकदाच आसतंय."

त्या दिवशी संध्याकाळी धनपाल प्रमुखांच्या खोलीत गेला. निकालाखाली हाताने एक वाक्य लिहू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं: याचा अर्थ या माणसावर बाहेरून किरण पडले नाहीत असा होत नाही.

"कारखान्याने ते विचारलंय का?"

"नाही साहेब."

"मग न विचारलेल्याचं उत्तर आपण द्यायचं? एकाला लिहून दिलं की उद्या सगळे येतील. हाताचा शेरा बंद करा म्हणून कोण मागे लागलं होतं, मगदूम? तुम्हीच ना?"

पेटी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने पुण्याला गेली.

कागद आला तेव्हा एक प्रत कारखान्याला टपालाने गेली आणि दुसरी घेऊन धनपाल स्वतः पलूसला गेला. जावळाचाच दिवस होता. अंगणात पाट मांडला होता आणि न्हावी वस्तरा परजत बसला होता. लालासाहेब धुतलेला सदरा घालून अंगणाबाहेर, रस्त्यातच उभे होते. नाथाजींनी कागद हातात घेतला. शाळेत राहून त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. त्यांनी तो एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचला, "नॉट डिटेक्टेड. म्हंजे न्हाई." मग नीट घडी घालून आपल्याच खिशात ठेवला.

"सायेब, पाचगणीला कुनी इचारलं तर जवळ आसावा," ते धनपालला म्हणाले. आणि मग व्याह्यांना, "या आता. बसा."

लालासाहेब पाटावर बसले. उजवा पाय लांब सोडून त्यांनी डावी मांडी घातली, आणि शालूने बाळ तिच्यावर ठेवलं. पहिला वस्तरा लागताच बाळ रडायला लागलं. रडता रडता त्याच्या हाताला आजोबांचं फडकं लागलं आणि त्याने ते मुठीत धरून ओढलं. राहीबाई पुढे धावल्या. लालासाहेबांनी मानेनेच त्यांना थांबवलं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. जावळ पूर्ण उतरेपर्यंत त्यांनी ना हात सोडवून घेतला ना मांडी हलवली.

"दाताखाली काय धरलंय मामा? सुपारी का?" न्हाव्याने थट्टेने विचारलं.

कारखान्याचं पत्र पुढच्याच महिन्यात आलं. तपासणीत काहीही न आढळल्याने दुखापतीशी कारखान्याचा संबंध नाही, आणि हात निकामी असल्याने कामावरून कमी करण्यात येत आहे. धनपालने मुंबईच्या डॉक्टरांना चार वेळा लिहिलं. कारखान्याची चिठ्ठी आणा, असं उत्तर आलं, आणि कारखान्याने ती दिली नाही. थंडीत सांगलीच्या दवाखान्यात लालासाहेबांची तीन बोटं आणि अर्धा तळहात काढावा लागला. धनपाल भेटायला गेला तेव्हा खाटेखालच्या त्यांच्या चपला बाकीच्यांच्या चपलांबरोबर ठेवलेल्या त्याला दिसल्या.

प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती अठ्ठ्याहत्तरच्या शेवटी निघाली. तिच्यात धनपालने थोडी कार्डं वाढवली होती. प्रमुखांनी तपासताना ती पाहिली आणि काही न बोलता सही केली. आता निकाल माणसाचा असला की 'आढळले नाही' या ओळीखाली, तेव्हा हाताने लिहू न दिलेलं ते वाक्य आपोआप छापून येतं. त्या ओळीचा उपयोग अजून कुणाला झाल्याचं धनपालला माहीत नाही. लालासाहेबांना तर ती दाखवण्यातही काही अर्थ नव्हता.

लालासाहेब आता घरीच असतात. म्हशीची धार डाव्या हाताने काढायला ते शिकले आहेत. आकाराम दूध घेतो. किटली मात्र राहीबाईंनीच न्यायची, असं ठरलेलं आहे.