सर्जा कितव्या नंबरला?

नाशिकहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन शर्ट, एक टॉवेल, तारखेचा रबरी शिक्का, शाईची डबी आणि बैठकीचा मीच आखलेला नकाशा एवढं सामान होतं. कुस्त्या बघायला जाणाऱ्या माणसाला शिक्का कशाला लागतो, असं सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं. मी जरा छाती फुगवून सांगितलं, "बघायला नाही चाललो. मला बोलावणं आहे."

बोलावणं होतं विलासरावांचं. हे फौजेत हवालदार. देवळालीला होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी नाटकाला यायचे, आणि मी नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीच्या आत बसलेला असायचो. जाळीतून झालेली ओळख त्यांनी निवृत्त होऊन गावी गेल्यावरही टिकवली. गाव बोरजाईवाडी, तालुका शिराळा. तिथल्या तालमीचं छप्पर वाऱ्याने उडालं होतं. ते पुन्हा घालायचं म्हणून यंदा जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानाला पहिल्यांदाच तिकीट लावलं होतं.

"फुकट बगायची सवय हाय लोकांस्नी," विलासराव फोनवर म्हणाले. "देवळाफुडं उभा राहून शबुद दिलाय मी, तिकिटाचं चीज करून दाखवीन म्हनून. खिडकीवर जाणता माणूस पायजे. तुमी या."

आता मला जाणता म्हटल्यावर मी कसला थांबतोय! सारी नोकरी मी खिडकीवर काढली. नाटकाची जाहिरात बघून किती रांगा भरतील हे मी सकाळीच सांगायचो, आणि माझं सहसा चुकायचं नाही. गर्दी कोण खेचतो ते मला विचारा, असा माझा तोरा होता. पैलवानांचं काही वेगळं असेल हे तेव्हा मनातही आलं नाही.

साताऱ्यात उतरलो तेव्हा उन्हं नुकतीच अजिंक्यताऱ्यावर चढली होती. स्टँडबाहेरच आमच्या मैदानाचा फ्लेक्स दिसला. डावीकडे पंजाबकडचा धिप्पाड गुरमीत, उजवीकडे आपल्या भागातला, अलीकडे फार गाजत असलेला तरणाबांड संग्राम. मध्ये विजेचा लोळ. बाकी सगळ्या पैलवानांचे फोटो खाली, स्टँपएवढे.

कंदी पेढे घ्यायला दुकानात गेलो आणि मालकांना सहज विचारलं, यातला कोण जास्त गर्दी खेचतो? त्यांनी तराजू सोडून मोबाईल काढला आणि गुरमीतची कुस्ती दाखवली. पडद्यावर तो समोरच्याला टांगेवर घेऊन असा फेकत होता की मी पेढा तोंडात धरूनच उभा राहिलो.

"मग तुम्ही येणार मैदानाला?" मी विचारलं.

"मी? छे हो! हितंच दिसतंय की सगळं," ते म्हणाले आणि पेढे बांधायला लागले.

हे उत्तर मला खटकायला हवं होतं. पण पेढा इतका छान खमंग होता, दूध आटवून भाजल्याची चव जिभेवर अशी रेंगाळत होती, की मी आणखी पाव किलो घेतला आणि कऱ्हाडची एसटी पकडली.

एसटीत माझी फजिती झाली. बसायला जागा मिळाली म्हणून आनंदाने टेकलो, तर शेजारून "आवं आवं!" असा ओरडा. सीटवर एका बाईंनी पोळ्यांचं बोचकं ठेवलं होतं. त्यांना सगळे आक्का म्हणत होते. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, हातात बांगड्यांचा चुडा. मी दहादा माफी मागितली. "ऱ्हाऊद्या, चपट्याच व्हत्या, आनी चपट्या झाल्या," असं म्हणून त्यांनी मलाच त्यातली एक गुळाची पोळी दिली. त्याही बोरजाईवाडीलाच निघाल्या होत्या, दोन जावांना घेऊन, मैदानाला. आमच्या भागात बायका कुस्तीला जात नाहीत, असं मी म्हणालो.

"हितंबी जात न्हवत्या. आता जात्यात," आक्का म्हणाल्या. मग पुढच्या सीटवरच्या, गळ्यात जत्रा समितीचा बिल्ला लावलेल्या माणसाला त्यांनी हाक मारली. "आरं, सर्जा हाय का रं मैदानात?"

"फ्लेक्सवर न्हाई बगा आक्का."

"मंग काय बगायचं?" आक्कांचा चेहरा पडला. तरी त्या उतरल्या नाहीत, एवढं मी पाहिलं.

कऱ्हाडला विलासराव मोटारसायकल घेऊन उभे होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण पाठ तशीच ताठ. वाटेत एका खानावळीत थांबून त्यांनी मला अख्खा मसूर (अख्ख्या मसुराची झणझणीत भाजी) आणि ज्वारीची भाकरी खाऊ घातली. नाकातून, डोळ्यांतून पाणी, तरी हात थांबेना. मी सर्जाची चौकशी केली.

"सर्जेराव व्हय? आमच्या शेजारच्या वाडीचा. दुधाची गाडी चालवतो. चाळिशी उलटली गड्याची, आता काय खेळतोय! निम्म्या कुस्त्या हारायचा."

निम्म्या कुस्त्या हरणारा माणूस. मी त्याला माझ्या हिशेबातून तिथेच वगळलं.

उसाची तोड होऊन गेलेली, मोकळ्या रानांतून गाव दिसलं. मैदानावर माती तयार करण्याचं काम चाललं होतं. तांबडी माती चाळून त्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून माणसं ती पायांनी मळत होती. तो वास अजून माझ्या नाकात आहे. आंबट, ओला, पोटात भूक उठवणारा. चप्पल घालून मी आत पाऊल टाकणार, तोच तिघांनी एकदम ओरडून मला बाहेर काढलं. त्या मातीला आधी हात लावून नमस्कार करतात, मग पाय ठेवतात. मी चप्पल काढून, नमस्कार करून गेलो. तळव्यांना गार लागलं आणि उगाचच हसू आलं.

माझ्या नकाशाची गत मात्र वाईट झाली. मी रांगा आणि आसनक्रमांक आखले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच माणसं आली आणि जिथे सावली तिथे बसली. "रांग 'जी', आसन सतरा" असं मी एका आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सतरा तुमी बसा, मी हितं बसतो." मी नकाशा घडी करून बुडाखाली घेतला.

खिडकी म्हणजे शाळेच्या व्हरांड्याची खिडकी. तिकीट फाडताना मला दिवसभर एकच प्रश्न ऐकू आला. "सर्जा कितव्या नंबरला?" मोठ्या माणसांनी विचारला, कॉलेजच्या पोरांनी विचारला, डोक्यावर पदर घेतलेल्या बायांनी विचारला. गुरमीतबद्दल एकानेही विचारलं नाही. तो तर असणारच, फ्लेक्सवर होता. मी एका शेतकऱ्याला थांबवून विचारलं, हा सर्जा एवढा कोण लागून गेला?

तो म्हणाला, "सायेब, बाकीचं पैलवान आर्धा तास एकमेकांच्या मानंवर हात टाकून फिरत्यात, आनी पंच म्हनतो बरोबरीत. सर्जाची कुस्ती बरोबरीत सुटल्याली कुनी बगितली न्हाई. पाडंल न्हाईतर पडंल. पर आपला येळ वाया घालवनार न्हाई."

मी शिक्का हातात घेऊन बसूनच राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की माणसं नाव बघून येतात.

दुपारी दोनला एक जीप आली. हलगीवाल्यांनी ताल धरला. जीपमधून संग्राम उतरला. टाळ्या. त्याच जीपमधून गुरमीत उतरला. टाळ्या थोड्या अडखळल्या. मग पुढच्या सीटवरून एक वृद्ध वस्ताद उतरले आणि दोघांनीही वाकून एकाच वेळी त्यांच्या पायांना हात लावला.

विलासरावांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मला काही कळेना. मग त्यांनी मला व्हरांड्यात ओढून सांगितलं. एका वस्तादाचे चेले मैदानात एकमेकांशी लढत नाहीत. गुरुबंधू ते. लावलीच कुस्ती, तर ती नुरा होणार, म्हणजे आधीच ठरवून खेळलेली, खोटी. जोड लावली, म्हणजे या दोघांची लढत ठरली, तेव्हा गुरमीत दुसऱ्या तालमीत होता. नंतर तो या वस्तादांकडे आला. पैलवानांना वाटलं, समितीला माहीत असेल, ती जोड बदलेल. समितीला वाटलं, पैलवान हो म्हणालेत, मग काम झालं. आणि कोणीच कोणाला फोन केला नाही!

वस्ताद शांतपणे म्हणाले, "दोन्ही माझीच पोरं हायत. तुमी म्हनाल तर उतरवतो. पर ती एकमेकांस्नी पाडनार न्हाईत, हे आधीच सांगतो."

समितीतल्या एकाने हळूच सुचवलं की अर्धा तास फिरू द्यावं आणि बरोबरीत सोडवावं. विलासराव त्याच्यावर असे गरजले की हलगी थांबली. "तिकीट घिऊन लोकास्नी फसवू? छप्पर नसलं तरी चालंल आमाला!" मग माझ्याकडे वळून एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "सायेब, काय करावं? पैसं परत द्यायचं का?"

त्यांचे डोळे भरले होते. फौजेतला तो ताठ माणूस. मलाही गलबलून आलं. मी म्हणालो, "विलासराव, खिडकीवर सकाळपासून माणसं एकच नाव घेताहेत." आणि नाव सांगितलं.

"तो खेळत न्हाई आता."

"पण आलाय ना?"

आला होता. दुधाची गाडी कडेला लावून, गळ्यात टॉवेल टाकून पहिल्या ओळीत बसला होता. त्याला कोणी विनवायला गेलं नाही. मैदानाची रीत वेगळी आहे. लहान-मोठ्या कुस्त्या झाल्या, उन्हं कलली, तेव्हा विलासरावांनी माईक हातात घेऊन झाली चूक सगळ्यांसमोर कबूल केली. "ज्याला पैसं परत पायजेत त्यानं खिडकीवर जावं," म्हणाले. मग त्यांनी गुरमीतचा हात धरून वर केला आणि हलगीच्या तालावर त्याला मैदानभर फिरवलं. ज्याला जोड नाही त्याला असं फिरवतात. ज्याची हिंमत असेल त्याने उठावं.

मी धावत माझ्या खिडकीवर जाऊन बसलो. सुट्टे काढून ठेवले. गुरमीतची अर्धी फेरी झाली, कोणी हललं नाही. तीन चतुर्थांश झाली. मग पहिल्या ओळीतला तो माणूस उठला, टॉवेल घडी करून शेजाऱ्याला दिला, शर्ट काढला, मातीला हात लावला आणि शड्डू ठोकला.

असा आवाज मी कुठल्याही पडद्याला, कुठल्याही एन्ट्रीला ऐकलेला नाही. सगळं मैदान उभं राहिलं. आक्का आणि त्यांच्या जावा पदर खोचून बाकावर चढल्या. मी खिडकी उघडी टाकून पळालो. आयुष्यात पहिल्यांदा खिडकी उघडी टाकली.

कुस्ती मला काय कळणार? पण एवढं सांगतो की सर्जा एकदाही मागे सरला नाही. सुटलेलं पोट, कानांच्या चुरगळलेल्या पाळ्या, आणि समोर विशीतला डोंगर. तरी हा आत घुसत होता. मध्येच त्याने ढाक मारली (पाठीशी घेऊन उलथवण्याचा डाव) आणि गुरमीत खरोखर हवेत गेला. माझ्या शेजारच्या आजोबांनी माझा दंड इतका आवळला की दोन दिवस निळा होता. गुरमीत पोटावर पडला, पाठ वाचली. पुढच्याच झटापटीत त्याने सर्जाच्या मानेखाली हात घातला, घिस्सा ओढला (ओढून चीत करण्याचा डाव) आणि सर्जाची पाठ मातीला लागली.

मी खिडकीकडे पाहिलं. आता रांग लागणार.

सर्जा उठला. पाठीवरची माती न झाडता त्याने गुरमीतचा हात धरून वर केला आणि त्याच्यासकट मैदानाला फेरी मारायला लागला. आक्कांचा आवाज सगळ्यांच्या वर आला, "लय झाक रं सर्जा!" आणि मग फेटे उडाले, हलगी सुटली, दोघांनाही लोकांनी खांद्यावर घेतलं. संग्राम आपल्या गुरुबंधूला सोडून सर्जाच्याच पायांशी वाकला. विलासराव माईकवर काहीतरी बोलत होते, पण रडत होते की हसत होते ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी खिडकीवर परत गेलो आणि दिवेलागणीपर्यंत बसलो. पैसे मागायला कोणी आलं नाही. शेवटी सकाळचा तो सतरा नंबर नाकारणारे आजोबा आले. मी सुट्टे पुढे केले.

"ते नगं," ते म्हणाले. "फुडल्या सालाचं तिकीट आत्ताच मिळंल का?"

तिसऱ्या दिवशी विलासरावांनी मिरजेला आणून सोडलं. गाडीला वेळ होता म्हणून सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतून चक्कर मारली. एक कारागीर भोपळ्याला कान लावून टकटक करत होता. मी विचारलं, कुस्त्या बघता का? तो मान वर न करता म्हणाला, "सर्जा पडला म्हने काल. काय कुस्ती झाली म्हने!" बातमी माझ्याआधी मिरजेला पोचली होती.

गाडीत खिडकीशी बसून मी खूप विचार केला. मोठी नावं वाईट नसतात. माणसं त्यांचे फ्लेक्स बघतात, मोबाईलवर त्यांच्या कुस्त्या बघतात. पण उन्हात चालत येऊन मातीवर बसायचं, तर समोरचा हातचं राखून खेळणार नाही एवढी खात्री त्यांना लागते. हे मला खिडकीच्या आत बसून इतकी वर्षं दिसलं नव्हतं, आणि एका दुधाच्या गाडीवाल्याने काही मिनिटांत दाखवलं. त्याची लाज नाही वाटली. उलट फार आनंद झाला.

घरी पोचलो. सुनंदाने पेढ्यांचा पुडा उघडला, माझा निळा दंड बघितला आणि विचारलं, "बरं, मग जिंकलं कोण?"

"सर्जा," मी म्हणालो.

म्हणून गेलो आणि मग आठवलं, पाठ तर त्याची लागली होती. दुरुस्त करावं म्हणून तोंड उघडलं, आणि त्यात पेढा टाकला.