जिनिंगमधल्या बायकांची पाहणी

शोधायला बसण्याआधी मी शब्द लिहून काढते. कापूस, जिनिंग, स्त्री कामगार, मजुरी, गंगापूर. एकेक शब्द कॅटलॉगमध्ये टाकायचा, जे निघेल त्याचे वर्गांक टिपायचे आणि क्रमानं लावून घ्यायचे, म्हणजे आत कपाटांपाशी एकाच फेरीत काम होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाराजवळ शोधासाठी संगणक ठेवलाय. सकाळी तिथं गर्दी नसते. कॉलेजची नोकरी सांभाळून या वयात पीएच.डी. करणारीला तीच वेळ परवडते. त्यात मुदतवाढ संपत आली होती, आणि ती शेवटची होती.

बाकीचं सगळं गोळा झालं होतं. राहिली होती एक बारीकशी पुस्तिका. गंगापूरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडणाऱ्या बायकांची पाहणी, समाजकार्याच्या विद्यार्थिनींनी केलेली. त्या बायकांत माझी आई होती. मी लहान असल्यापासून ती सांगत आलीय, "कॉलेजच्या पोरी आल्त्या. मी बोलत गेले, त्यातली एक लिहीत गेली. मुकादम वरडला, तरी बोलले." आईला सही येते, तेवढंच. तिचं बोलणं कागदावर उतरलं ते तेव्हाच, लग्नाआधी. ते पान मला प्रबंधात हवं होतं, आणि आईला ऐकू येतंय तोवर तिला वाचून दाखवायचं होतं.

कॅटलॉगमध्ये पुस्तिका नव्हती. शीर्षकानं नाही, विषयानं नाही, प्रकाशकाच्या नावानं नाही. मग एका जुन्या प्रबंधाच्या तळटिपेत तिचा उल्लेख मिळाला. पुढे याच ग्रंथालयाचा दाखल क्रमांक दिला होता, आणि क्रमांकाला जोडून बारीक अक्षरात तीनचा आकडा. मी क्रमांक टाकला. पडद्यावर आलं, 'कपाशीवरील कीड व तिचा बंदोबस्त'.

तळटीप चुकली असं समजून मी ती ओळ खोडणार होते. पण त्याच आठवड्यात मी दुसरा एक जाड खंड काढला होता, त्याच्या पाठीवर एका पुस्तिकेचं नाव होतं आणि आत चार निघाल्या होत्या. पातळ पुस्तिका कपाटात उभ्या राहत नाहीत. म्हणून पूर्वी एकाच आकाराच्या चार-पाच एकत्र शिवून घेत. आकार सारखा असला की झालं, विषय कुणी बघत नसे. वर जी येईल तिचं नाव पाठीवर. पुढे सगळं संगणकावर चढवलं तेव्हा पाठीवरचं तेवढंच टाइप झालं. आतल्या बाकीच्या पुस्तिका कॅटलॉगच्या लेखी नाहीतच.

म्हणजे तीन ही आतली तिसरी पुस्तिका. आई किडीच्या पाठीमागे शिवलेली होती. मला आनंद झाला, आणि मग पडद्यावरची खालची ओळ वाचली. स्थिती: निर्लेखित.

टेबलावरच्या सहायक ग्रंथपालांना विचारलं, "निर्लेखित म्हणजे गेलंच का, सर?"

"गेलंच. शेतीची जुनी पुस्तकं समितीनं काढून टाकली. जागा कुठंय मॅडम, तुम्हीच बघा."

"त्याच्या आत आणखी पुस्तिका होत्या."

"यादीत तर एकच होती."

"उघडून पाहिलं नाही कुणी?"

"टेम्पो भरून माल होता. आणि त्यातली औषधं सगळी आता बंदी आलेली. एखाद्यानं वाचून फवारली असती, म्हणजे? त्याच्यावर एक प्रबंध निघाला असता." ते हसले. मी हसत नाही हे पाहून म्हणाले, "चहा सांगू का?"

चहा घेतला नाही. करण्यासारखं होतं ते सगळं केलं. पाहणी करणाऱ्या विद्यार्थिनींच्या कॉलेजात गेले, तिथं त्या काळचे कागद पुरात भिजले म्हणून फेकलेले. इतर ग्रंथालयांचे कॅटलॉग घरूनच पाहिले. गुलमंडीकडच्या रद्दीवाल्यांनाही विचारून झालं. जुन्या प्रबंधात त्या पुस्तिकेतलं एकच वाक्य घेतलं होतं, तेही मजुरीच्या दराचं. कुठल्याच बाईचं बोलणं त्यात नव्हतं.

घरी आई मेथी निवडत होती.

"नाय सापडलं?"

"नाही. रद्दीत गेलं. कपाशीच्या किडीच्या पुस्तकाला जोडून शिवलं होतं."

आई हसली. "बरोबर हाय की मग. किडका कापूसच तर निवडून बाजूला काढायचो आम्ही."

मी वही घेऊन तिच्यासमोर बसले. "आई, तू परत सांग. तेव्हा काय बोलली होतीस ते. मी लिहून घेते."

"लई बोलले."

"हो, पण काय?"

तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. "त्या लिहिणाऱ्या पोरीचं पातळ निळं होतं. मधीच पेन बंद पडला, मग दुसरीचा घेतला तिनं."

"आणि तू काय म्हणालीस?"

आईच्या हातातली काडी तशीच राहिली. "आता नाय सांगता येत, माय. तिनं लिवून घेतलं ना. मग मी कशाला ध्यानात ठिवू?"

तिसरं प्रकरण मी त्या पानाशिवाय जमा केलं. संदर्भसूचीतही ती पुस्तिका नाही. स्वतः न पाहिलेलं मी त्यात घालत नाही.