जिन्यातलं मंगळसूत्र

आई गेली त्याच्या पाचव्या दिवशी दादा आणि मी तिचा फोटो शोधत बसलो. तेराव्याला फ्रेम हवी होती आणि घरात एक धड फोटो नव्हता. लग्नकार्यांत ती नेहमी कडेला, पदर गळ्याशी घट्ट धरलेला. शेवटी ऑफिसातून निवृत्त झाली तेव्हाचा सापडला. खुर्चीत ताठ बसलेली, हसरी, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र.

दादा चपापला. "बाबांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. दुकानात सांगून काढून घे ते. लोक काय म्हणतील?"

मला कारण ठाऊक होतं. मी चौथीत असताना बाबा गेले, दादा शिकायला काकांकडे गेला आणि आईने अंधेरीत नोकरी धरली. तिथे कुणाला काही माहीत नव्हतं. "मोकळा गळा दिसला की लोक एक तर कीव करतात, नाहीतर जवळ सरकतात," ती म्हणायची. सकाळी जिन्याच्या वळणावर ती मंगळसूत्र घालायची आणि संध्याकाळी तिथेच काढून डब्याच्या पिशवीत टाकायची, कारण वर आजी होती, शेजारपाजार होता. मागचा फासा अडकला की मी सोडवायचे. "कुणाला बोलायचं नाही हं."

तीन वर्षं तिचं अंथरुणातलं करून मी पार दमले होते. वाद घालायचं त्राण नव्हतं. फोटो घेऊन मुकाट घाटकोपर स्टेशनजवळच्या दुकानात गेले.

"दोन मिनिटांचं काम आहे, ताई," दुकानदार म्हणाला. माऊस चार वेळा फिरला आणि गळा मोकळा झाला.

स्क्रीनवर पाहिलं तर ती आई वाटेचना. असं ताठ बसून हसणं तिला मोकळ्या गळ्याने कधी जमलंच नव्हतं. मला रडू आलं.

"राहू दे हो. होतं तसंच करा."

"अहो, आत्ता तर म्हणालात काढा!" तो वैतागला, पण केलं त्याने.

दादा घरी आल्यावर भडकला. "तुला अक्कल आहे का गं?" मी गप्प बसले. आईला शब्द दिला होता. मग त्यानेच चंदनाचा जाड हार आणून फोटोला घातला, गळा पुरता झाकेल असा.

दादा मुलुंडला राहतो, दर रविवारी येतो. तो जिना उतरून गेला की मी हार काढून कपाटात ठेवते आणि पुढच्या रविवारी बेल वाजायच्या आत परत घालते. आठवड्यातून एकच दिवस करते, तरी कंटाळा येतो. ती रोज दोनदा करायची.