चारशे बत्तीस पावलं

बस बरोबर होती, फक्त दिशा उलटी होती. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि गेलं वर्षभर घरात ते कुणी धड ऐकून घेतलेलं नाही.

त्या रविवारी आम्हाला तळ्यावर जायचं होतं. आम्ही म्हणजे मामा, मामांची मुलगी (माझी ताई), तिची सहा वर्षांची ठमी आणि मी. नोकरीसाठी या शहरात येऊन मला आठ महिने झाले होते, मामांकडेच राहत होतो, आणि आता सगळे रस्ते आपल्या खिशात आहेत अशी माझी समजूत होती. आमच्या गावात एकच रस्ता. त्यावर उभं राहिलं की येणारी बस येते आणि जाणारी जाते. त्या शिक्षणाच्या जोरावर मी म्हणालो, "मामा, आज तुम्ही नुसते बसा. मी नेतो." आणि सगळ्यांना रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभं केलं.

पाऊण तासाने कंडक्टर ओरडला, "शेवटचा थांबा, उतरा!" बाहेर तळं नव्हतं. मी गडबडून ठमीला उचललं, ताईला हाताला धरून खाली ओढलं, मामा मागून शांतपणे उतरले. बस वळसा घेऊन निघून गेली आणि मग ठमीने विचारलं, "आजीचा डबा कुठाय?"

डबा सीटखाली होता. सीट बसमध्ये होती.

"शहाण्या," ताई म्हणाली, "तुला नोकरी दिली कुणी रे?"

मामा म्हणाले, "मला दुसऱ्याच थांब्याला कळलं होतं. पण म्हटलं, पोरगं एवढ्या रुबाबात नेतंय, बघू तरी कुठे नेतंय ते."

मामा पाणीखात्यात मीटर वाचायचे. रोज शे-सव्वाशे घरं. अंगणातलं सिमेंटचं झाकण उचलायचं, उकिडवं बसायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा, वहीत लिहायचा, झाकण ठेवायचं. असं एकतीस वर्षं. खात्यात त्यांना सगळे 'काटेसाहेब' म्हणायचे. त्यांच्या वहीत आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात शेरे असत: 'कुत्रं, बांधलेलं'. 'कुत्रं, बांधलेलं म्हणतात'. 'बाईंना ऐकू कमी, दार जोरात'. 'झाकणावर कुंडी, स्वतः उचलतात, भले लोक'. माणसं ओळखायचा त्यांचा मार्ग एवढाच होता आणि तो फारसा चुकत नसे.

आठवडाभर पायपीट केलेल्या माणसाने रविवारी आडवं व्हावं की नाही? मामा उलट घरच्यांना घेऊन झाडापाण्यात जायचे. तळं, टेकडी, नदीकाठची राई. अठ्ठावीस वर्षं नेमाने. आणि या सगळ्यांत पुढे कोण, तर मामी. टेकडीवर मामी आधी पोचून वरून हाका मारायची, असं ताई सांगते. मी पाहिलेली मामी मात्र खुर्चीतली. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. खात्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या चोपन्न, लिफ्ट नाही. डॉक्टरकडे जायचं असेल तरच ती खाली उतरायची. रविवारी ती डबा भरून द्यायची आणि आम्ही परतलो की विचारायची, "काय काय पाहिलंत?" मामा चपला काढता काढता मीटर वाचल्यासारखं सांगायचे, "बगळे चार. कासव एक. पाणी गुडघाभर." मामी ऐकायची आणि म्हणायची, "कासव मोठं का लहान?"

मामा तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. तीन महिन्यांत घर सोडायचं होतं. जायचं कुठे, यावर घरात रोज परिषद भरे. ताईचं ठरलेलं होतं: तिच्या शेजारची नवी वसाहत. लिफ्ट आहे, खाली दुकानं आहेत, ती स्वतः दोन मिनिटांवर. तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मामा फक्त म्हणायचे, "तिथे मीटरलासुद्धा कुलूप आहे."  मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट.

तर त्या शेवटच्या थांब्यावर आम्ही उपाशीपोटी उभे. समोर बैठ्या घरांची एक गल्ली, गल्लीच्या टोकाला झाडांची गर्दी. दुकान शोधायचं म्हणून आम्ही गल्लीत शिरलो. मी पुढे, पापक्षालनासाठी. मागे वळून पाहतो तर मामा नाहीत. एका फाटकाच्या आत, कुणाच्या तरी अंगणात, झाकण उचलून उकिडवे बसलेले. खणखणीत आवाजात: "शून्य चार सात एक दोन!"

दार उघडलं. गळ्यात मापाची टेप घातलेल्या एक बाई बाहेर आल्या. "रविवारीपण? परवाच तर तुमचा माणूस येऊन गेला!"

मामांना तेव्हा कुठे शुद्ध आली. ते लाजले. एकतीस वर्षांत हे प्रथमच झालं असावं. "माफ करा बाई. सवय. फाटक उघडं दिसलं आणि हात गेला."

"सवय? लोकांच्या अंगणात?"

"बाबा, उठा," ताई दातओठ खात म्हणाली.

पण मामा पुन्हा खाली वाकले होते. "बाई, घरात एखादा नळ चालू आहे?"

"एकही नाही."

"मग हा काटा फिरतोय कसा?"

बाई शिवणकाम करायच्या. मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, पण भिंतीला ओल धरली म्हणून भाडेकरू सोडून गेला होता. ओल ओढ्याची, असं त्या धरून चालल्या होत्या. मामांनी मागे जाऊन पाच मिनिटांत मोरीखालचा फुटका सांधा शोधला, खिशातली रबराची पट्टी गुंडाळली आणि परत येऊन मीटर पाहिला. काटा थांबला होता. त्यानंतर चहा आला, पाव आला, उकडलेली अंडी आली. ठमी आतून चार गुंड्या घेऊन आली. ताईचा राग मात्र काट्याइतका लवकर थांबला नाही.

खाऊन झाल्यावर मामा म्हणाले, "मागचं दार उघडता का?" दार उघडलं आणि ते चालायला लागले. मी मागोमाग. ते पुटपुटत होते. गल्ली, नाली, नालीवरचा छोटा पूल, मग उतार नाही, चढ नाही, आणि ओढा. काठावर जुनी, थोराड झाडं, पाण्यात वाकलेल्या फांद्या. पहिल्या झाडाला हात लावून मामा म्हणाले, "दोनशे अठ्ठ्याऐंशी."

"कसले?"

"माझी दोन पावलं म्हणजे तुझ्या मामीची तीन. चारशे बत्तीस."

मग सगळं बाहेर आलं. घरासमोरचा व्हरांडा मामीच्या पावलांनी बत्तीस होता. संध्याकाळी ती तिथे जाऊन-येऊन सहा फेऱ्या घालायची आणि बसायची. मामा दोन वर्षं गुपचूप मोजत होते. सहा फेऱ्या म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी.

"नव्या वसाहतीत लिफ्टने खाली येईल ती," मामा म्हणाले. "आणि मग? पुढे मैलभर डांबर. बगळा पाहायला गाडी करावी लागेल, गाडी करायला आपण लागणार. ती म्हणेल, राहू द्या, डबा भरून देते. मला असं घर पाहिजे, की तिला वाटलं, चपला घातल्या आणि पोचली. कुणाला विचारायला नको."

मी हिशेब केला. "मामा, अठ्ठेचाळीस कमी पडतात."

"म्हणून मधे बसायला पाहिजे," ते म्हणाले आणि पुलाच्या कठड्याकडे पाहू लागले. कठडा घोट्याएवढा होता. तेवढ्या खाली बसली तर मामीला उठवायला क्रेन लागली असती.

त्यानंतरचे तीन आठवडे मामांनी त्या गल्लीचा अभ्यास केला. त्या भागाचा मीटरवाला त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याची वही मागवली. शेरे वाचले: एकोणीस घरं, कुत्री तीन, चावणारं एक, पण म्हातारं. सकाळी गेले, दुपारी गेले, पाणी यायच्या वेळेला गेले. आणि खात्याच्या भंगारातून मीटरची तडे गेलेली सहा झाकणं, साहेबांची चिठ्ठी घेऊन, टेम्पोतून त्या पुलापाशी पोचवली. ती एकावर एक रचायचं काम अर्थातच माझ्याकडे. "दिशा तुझी, झाकणं तुझी," मामा म्हणाले. मामीची खुर्ची जमिनीपासून अठरा इंच, म्हणून रचलेला ढीग अठरा इंच. मध्येच एक झाकण माझ्या अंगठ्यावर पडलं. त्याची नोंद कुठल्याही वहीत नाही.

घरी हे कळलं तेव्हा ताईचा आवाज चढला. "बाबा, मी दोन बस पलीकडे राहते. आई पडली, काही झालं, तर मी पोचणार कधी? तुम्हाला झाडं दिसतात. मला आई दिसते."

मामांनी वही मिटली. ताईचं खरं होतं.

खुर्चीतून मामी म्हणाली, "बापलेकीचं झालं असेल तर एक विचारू? राहायचं कुणाला आहे?"

सगळे तिच्याकडे वळले.

"मला दाखवा. पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही."

पुढच्या रविवारी चोपन्न पायऱ्या उतरायला आम्हाला वीस मिनिटं लागली. गाडी करून गेलो. शिवणाऱ्या बाईंनी खोल्या झाडून ठेवल्या होत्या, भिंत कोरडी झाली होती. मामीने खोल्यांवरून नुसती नजर फिरवली, काठी घेतली आणि मागच्या दाराने निघाली.

"एक, दोन, तीन..." मामा.

"अहो, आकडे मनात ठेवा. मी काय मीटर आहे?"

मामा मनात मोजू लागले. आम्ही सगळेच मोजत होतो. दोनशेच्या पुढे मामीचा पाय ओढायला लागला. ताई पुढे झाली, तसं मामीने काठी आडवी धरली. दोनशे चाळिसावर पूल आला आणि मामांचा चेहरा पडला.

झाकणांवर एक म्हातारा ऐसपैस बसला होता.

"अहो काका," मी म्हणालो, "ही जागा..."

"तुमची का?" म्हातारा म्हणाला. "पंधरा दिवसांपासून आहे ती. कुणा पुण्यवंताने केली, फार सोय झाली बघा." मग त्याला मामी दिसली. तो घाईघाईने उठला. "बसा बसा, वहिनी. मी आपला उन्हाला बसतो."

मामी बसली. म्हातारा निवृत्त पोस्टमन निघाला. पुढच्या पंधरा मिनिटांत मामीने त्याच्याकडून जे काढून घेतलं ते मामांना तीन आठवड्यांत आणि मीटरवाल्याला बारा वर्षांत मिळालं नव्हतं. ओढ्याचं पाणी गल्लीत शिरतं का? एकदाच, पायरीपर्यंत. दवाखाना? कोपऱ्यावर, डॉक्टरीण बाई, हाकेला येतात. माणसं? "भांडतात, पण बोलणं सोडत नाहीत." शेवटी मामीने विचारलं, "आणि कासवं?"

"मोठं एक आहे," पोस्टमन म्हणाला. "पण वेळेवर येणाऱ्यांनाच दिसतं."

मामी उठली. हात कुणाचा घेतला नाही. अठरा इंचांचा तेवढा उपयोग झाला. ती झाडापाशी पोचली तेव्हा मामांची मोजणी चुकली होती, आणि माझी तर कधीच सुटली होती. तिने चपला काढल्या, काठी खोडाला टेकवली आणि पाण्याकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कपडे वाळत घालायला दोरी कुठे बांधणार?"

हा होकार होता. मामांनी लगेच खिशातून दोरी काढली. त्यांच्या खिशात काय नसतं?

ताई वाकली. तिने आईच्या चपला उचलून कोरड्या जागी ठेवल्या. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर घेऊन येते," ती म्हणाली, "आणि शनिवारी मी इथेच झोपायला येणार. आधीच सांगून ठेवते."

मामा निवृत्त झाले, सामान हललं. मी आता कचेरीजवळ खोली घेऊन राहतो आणि रविवारी तिकडे जातो, बरोबर दिशेने. गल्लीतल्या गळक्या नळांनी मामांना पुरतं अडकवलंय, म्हणून बहुतेक दिवस मामी एकटीच ओढ्यावर जाते. परत आली की मामा पान्हा खाली ठेवून विचारतात, "काय काय पाहिलंस?" ती चपला काढता काढता सांगते, "बगळे तीन. कासव नाही. पोस्टमन एक."

डब्याचं प्रकरण मात्र मिटलेलं नाही. तीन पुडांचा होता, मामीच्या लग्नातला. मी बसच्या आगारात दोनदा चौकशी केली, मग नवा घेऊन गेलो. मामीने झाकण फिरवून पाहिलं. "सैल बसतं. रस्सा सांडेल." दुसरा नेला. "याची कडी बोटाला लागते." दोन्ही डबे तिने डाळ-तांदूळ भरून फळीवर ठेवलेत, ते वेगळं.

"माझा डबा द्यायचा राहिलाय हं तुझ्याकडून," निघताना ती दर रविवारी बजावते.

"पुढच्या वेळी आणतो," मी म्हणतो. तिसरा अजून घेतलेला नाही.